सुपातल्या बाळाची आत्या

किन्हीराजा
ता. २६ नोव्हेंबर १९३४

ती. आक्काबाईंस भावजय गोजराचा सलाम.

पत्र लिहिण्यास कारण की नाताळ महिन्यावर आला. इकडे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. पहिल्या वेचणीतला पांढराशुभ्र कापूस मी सुपासाठी आधीच गाडग्यात दडपून ठेवला. नाहीतर तुमचे भाऊ सगळा सरकी काढायच्या जिनात नेऊन ओततात आणि ऐन नाताळात आम्ही शेजाऱ्यांकडे मूठमूठ मागत फिरतो.

विजयमालेला तुमच्याकडे, तुम्ही शिकवता त्या शाळेत, शिकायला ठेवून दीड वर्ष झालं. तिचं कार्ड आलं की अक्षर पाहून जीव सुखावतो. पण त्या एवढ्याशा कार्डात निम्मं तर 'आत्या म्हणते' असतं. आत्या म्हणते केसांना रोज तेल लावू नये. आत्या म्हणते ठेच्यानं पोट बिघडतं. आई काय म्हणते ते पोरीनं कुणाला लिहावं, असा मला प्रश्न पडतो. रागावू नका, थट्टा केली. थोडी थट्टा आणि थोडं खरं.

शेजारी रामीबाई राहायला आली आहे. स्वभावानं फार मोकळी. ती परवा विचारत होती, "बाई, तुमी म्हणे नाताळले पाळणा बांधता, अन् त्याच्यात लेकरूच नसते?" मग तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. मामंजींनी ख्रिस्ताचा धर्म घेतला आणि पहिला नाताळ आला, तेव्हा सासूबाई अडून बसल्या होत्या ना, "लेकरू जलमलं अन् पाळणा नाही बांधला, असं कुठं असते काय?" मामंजी मूर्तीला नको म्हणाले. तर सासूबाईंनी सुपात नुसता नवा कापूस अंथरला, सूप आढ्याला टांगलं, पाळणा म्हटला आणि गल्लीभर घुगऱ्या वाटल्या. बारशाला नाव ठेवायला आत्या लागते. प्रभूची आत्या कोण, असं कुणीतरी हसून विचारलं, तर त्यांनी तुम्हाला पुढे केलं. "ज्या घरी पाळणा, त्या घरची लेक आत्या." रामीबाईला ते इतकं पटलं की ती आतापासूनच सूप घासायला आली आहे.

तर यंदा पाळण्याची दोरी विजूच्या हाती द्यायची. दहा वर्षांची झाली. पाळणा काही कागदावर लिहून देऊन येत नाही, दोरी ओढता ओढता तोंडात बसतो. मला सासूबाईंनी तसाच दिला. २३ तारखेला दोघी या. मी वाट बघते.

आपली
गोजरा

*

वाशीम
ता. ३ डिसेंबर १९३४

चि. सौ. गोजरास आशीर्वाद.

पत्र पावलं. तेलाचं मी म्हटलं खरं. उशांचे अभ्रे धुवायला मी आहे, तू नाहीस.

एक अडचण आहे. आमच्या शाळेचा नाताळचा कार्यक्रम यंदा २४ तारखेला संध्याकाळी ठेवला आहे आणि विजूला देवदूताचं काम मिळालं आहे. एवढ्या मुलींतून तिला निवडलं, कारण तिचे उच्चार स्वच्छ आहेत. ते कुणी स्वच्छ केले ते मी सांगत नाही. मी तिला पांढरा झगा शिवला आहे आणि पुठ्ठ्याचे पंख करून त्यांवर कापूस डकवला आहे. तालमीला आलेल्या बायका विचारतात, "तुमचीच का हो?" मी हो म्हणते. भाची म्हणजे काय परकी?

तेव्हा २३ ला जमत नाही. आम्ही २६ ला येतो. सूप तेवढं दोन दिवस थांबव. प्रभू काही पळून जात नाही. मी येताना केक आणीन, विजूला आता तो फार आवडतो. घुगऱ्या बेताच्याच कर.

तुझी नणंद
कस्तुरा

*

वाशीम
ता. २९ डिसेंबर १९३४

गोजरास आशीर्वाद.

२६ ला तुझ्या घरात शिरले तेव्हा आढ्याला दोरी नव्हती आणि सूप कोपऱ्यात होतं, त्यात तुरीची डाळ. मी केकचा डबा खाली ठेवला. भाऊ शालिग्राम समोर होता, पोर होती, आणि त्याच्या घरी सणाला जाऊन भांडायची रीत आमच्या आईनं आम्हाला शिकवली नाही.

ओट्यावर रामीबाईनंच मला आनंदानं सांगितलं, "बाई, यंदा मीच आत्या झाली!" इतक्या भोळेपणानं म्हणाली की तिच्यावर रागावताच येईना. म्हणून तो सगळा राग तुझ्यावर.

गोजरा, मला मूल नाही. नवरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेला. कुणाच्या बारशाला मी गेले तर बायका हसून बसायला पाट देतात, पण तो पाळण्यापासून लांब मांडतात. वर्षात एकच पाळणा असा होता, की ज्यावर मी वाकले तर कुणी मला बाजूला हो म्हणत नव्हतं. तो तू शेजारणीला दिलास. तेही दोन दिवसांसाठी.

आणि आज निघालंच आहे तर हेही सांगते. आईनं पाळणा तुला शिकवला, पोटच्या लेकीला नाही. "घरचं गानं घरात राह्यलं पाह्यजे, तू तं दुसऱ्याच्या घरची," म्हणाली. मग मी विधवा होऊन परत आले, तरी तुलाच. गाणं अख्खी गल्ली ऐकते, माझ्या वाट्याला नाव, तेही एका शब्दाचं. तुझा आवाज लागला की मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत असे आणि बायका म्हणत, गोजरेनं सासूचा गळा उचलला. माझ्या आईचा गळा! तेव्हा मला काय वाटे, ते मी कधी बोलले का?

कस्तुरा

*

किन्हीराजा
ता. ८ जानेवारी १९३५

ती. आक्काबाईंस सलाम.

तुमचं पत्र वाचून रडले. मग पुन्हा वाचलं आणि राग आला, कारण एवढ्या लांब पत्रात विजूचं नाव एकदाही नाही. तुमचा मान गेला तो मोजलात. माझं काय गेलं ते तुम्हाला दिसलंच नाही.

२७ ला सकाळी पोरीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मी चुलीपाशी होते, तिच्यापासून चार हातांवर. तुम्ही अंगणात दात घासत होता. ती "आत्या!" म्हणून ओरडली आणि लंगडत माझ्या अंगावरून तुमच्याकडे गेली. मी हातातली भाकर तव्यावर टाकली ती करपली, आणि तुम्ही म्हणालात, "गोजरा, वास येतो गं." आठवतं?

दोन लेकरं मातीत घालून मला ही एक राहिली. तिला शिकवावं म्हणून तुमच्याकडे दिली. शिकवायला दिली आक्का, दत्तक नाही. लोक विचारतात तेव्हा तुम्ही 'माझी' म्हणता आणि ते मलाच पत्रानं कळवता. जळते मी. लपवून कुठे ठेवू? ती इथे आली की ताटात काय वाढू याची मला भीती वाटते. केक खाणारीनं माझ्या घुगऱ्यांना तोंड लावलं नाही तर? तुम्ही बेताच्याच करायला सांगितलं होतं. मी डबल केल्या.

रामीबाईला मी मुद्दाम पुढे केलं. तुम्ही तिकडे माझ्या लेकीच्या पाठीला पंख बांधत होता, त्याच वेळी मला दाखवायचं होतं की आमचंही तुमच्यावाचून अडत नाही. दाखवलं. समाधान झालं नाही ते नाहीच. रामीबाईनं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी उसनं आणून सण साजरा करतो आहोत. पण ते पंख आठवले की अजूनही वाटतं, चुलीत घालावेत.

गोजरा

*

वाशीम
ता. २० जानेवारी १९३५

चि. सौ. गोजरास आशीर्वाद.

तू मनातलं लिहिलंस ते बरं वाटलं, असं लिहिणार होते. पण पंखांपाशी आले आणि हात थांबला. ते पंख विजूनं खुंटीला टांगून ठेवले आहेत, धूळ बसली की परकरानं पुसते.

आणि तू समजतेस की मी पोरीला फितवली! ऐक आपल्या लेकीचा प्रताप. कार्यक्रमाच्या शेवटी एका मुलीनं पाळणा म्हणावा असं ठरलं. मी आमच्या मोठ्या बाईंना म्हटलं, आमच्या घरी एक आहे, विजूला ऐकून ऐकून येत असेल. शब्द मलाही पाठ आहेत:

जो बाळा जो जो रे, गव्हाणीच्या राजा,
थंडी वाजते तुले, घे कापूस माझा.

आईचं गाणं दहा माणसांनी ऐकावं असं मला वाटलं. पेटीवर चाल बसवली. दिवस उजाडला, सभा भरली, तहसील कचेरीतली माणसंसुद्धा आली होती. मी पेटीवर सूर धरला. एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं. ही आपली पंख लावून उभी, तोंड गच्च मिटलेलं. शेवटी बाईंनी दुसऱ्या मुलीला पुढे केलं. सगळ्यांसमोर माझं नाक कापलं.

घरी आल्यावर विचारलं, काहून नाही म्हटलंस? तर म्हणते, "ते घरचं हाय. सूप नाही, दोरी नाही, माय नाही. तं पाळणा कसा?" मी चांगली रागावले. इतकं शिकवून पोर तुझ्यावरच गेली. हट्टी.

कस्तुरा

*

किन्हीराजा
ता. २ फेब्रुवारी १९३५

आक्काबाईंस सलाम.

म्हणजे लेक नेली ते पुरलं नाही, आता पाळणाही पेटीवर चढवलात. तुमचा मान मी एका संध्याकाळी दुसरीला दिला तर तुम्ही पानभर रडलात. आणि सासूबाईंनी मला दिलेलं गाणं तुम्ही कचेरीतल्या माणसांना वाटायला निघालात. ते गाणं म्हणजे काय घुगऱ्या आहेत?

मार्चची परीक्षा झाली की विजूला घेऊन या. कायमची. तिला मास्तरीण व्हायचं आहे हे मला माहीत आहे, तुम्हीच तिच्या डोक्यात भरलं आहे. इथल्या शाळेत झालं तेवढं शिक्षण पुरे. मी तर तेवढंही शिकले नाही आणि तरी तुम्हाला पत्रं लिहितेच आहे.

गोजरा

*

वाशीम
ता. २८ जून १९३५

चि. सौ. गोजरास आशीर्वाद.

परीक्षेनंतर घरी पोचवलेल्या विजूला काल शालिग्राम पुन्हा इथे सोडून गेला. मी त्याला बोलावलं नव्हतं, हे त्यालाच विचार. तो म्हणाला, "पोट्टी तीन महिने दारात बसून पाटी घासून राह्यली होती, मले पाह्यवलं नाही." निघताना तू तोंड फिरवून घरात गेलीस, हे मात्र मला विजूनं सांगितलं.

तुला वाटत असेल मी जिंकले. मलाही काल तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तिची ट्रंक उतरवून घेताना मला इतका आनंद झाला की मी शालिग्रामला चहा विचारायची विसरले. पण आज जेवताना ती ठेचा मागत होती. मी करून दिला तर म्हणाली, मायच्या हातचा असा नसते. संध्याकाळी मिरच्या बदलून पुन्हा केला. म्हणाली, आत्या, राहू दे, तुले नाही जमत. माझ्या पोटात आग पडली गोजरा, आणि ती मिरचीची नव्हती.

पत्राचं उत्तर दे.

कस्तुरा

*

वाशीम
ता. १८ डिसेंबर १९३५

चि. सौ. गोजरास आशीर्वाद.

जूनपासून तुझं एक ओळीचं कार्ड नाही. मी तीन पाठवली. विजूला लिहितेस त्यात मला सलामसुद्धा नसतो.

यंदा कार्यक्रमातून तिचं नाव मीच काढून घेतलं. शालिग्राम बाजाराला येतो आहे, त्याच्याबरोबर २२ ला तिला पाठवते. दोरी तिच्या हाती दे, पाळणा शिकव. शाळेतून काढण्याचं अजून मनात असेल तर तेही या वेळीच सांगून टाक, म्हणजे मी तिची वाट बघत बसणार नाही.

मी येत नाही. हिवतापानं धरलं होतं. आता उतरला आहे, पण तरी येत नाही. रामीबाईला आत्या व्हायची सवय झाली असेल. माझ्याच आईच्या घरी, माझ्याच पाळण्याला, पाटावर बसून बघायला मी येणार नाही.

कस्तुरा

*

किन्हीराजा
ता. २५ डिसेंबर १९३५

ती. आक्काबाईंस सलाम.

आज नाताळ. उपासना आटोपून लिहायला बसले आहे. हे पत्र तुमचे भाऊ स्वतः घेऊन येत आहेत, आपल्या इथल्या मालेगावला मोटार मिळेल म्हणाले. टपालावर सोडलं असतं तर दोन दिवस गेले असते, आणि तोवर तुमची भाची आम्हाला कुणाला सुपाला हात लावू दिला नसता.

काल संध्याकाळी गल्ली गोळा झाली. सूप टांगलं, कापूस घातला, दोरी विजूच्या हाती दिली. मी पाळणा सुरू केला. दुसऱ्या ओळीला ती माझ्याबरोबर म्हणू लागली आणि पुढे एक शब्द चुकली नाही. मी कधी शिकवलाच नव्हता! शेवटच्या कडव्याला मी मुद्दाम थांबले, तिनं एकटीनं म्हटलं. बायका माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या मनात काय आलं सांगू? घ्या आक्का, म्हटलं. पंख लावा की झगे शिवा, पोर माझी आहे.

मग नाव ठेवायची वेळ झाली. मी रामीबाईला सांगून ठेवलं होतं, ती पदर खोचून पुढे आली. तशी विजूनं दोरी थांबवली आणि सुपावर आडवा हात धरला.

"थांबा. आत्या आली नाही."

मी म्हटलं, "रामीकाकू हाय ना. मांगच्या साली तिनंच ठेवलं."

"मांगच्या साली मी नव्हती."

"विजू, लोकं उभे हायेत."

"मंग बसवा त्याइले. नाव आत्याच ठेवील. तवरीक लेकरू बिननावाचं राहील."

मी हात धरून बाजूला ओढलं तर हलेना. शेवटी रामीबाईच हसत मागे सरली. "पोट्टीचं खरं हाय. मी उसनी आत्या," म्हणाली आणि घुगऱ्या वाटायला बसली. लोक नाव न ऐकताच घरी गेले. असं या घरात कधी झालं नव्हतं.

आक्का, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं घर, माझं गाणं, पोटची पोर, आणि शेवटी भरल्या गल्लीत ती वाट कुणाची बघते, तर तुमची! सगळे गेल्यावर मी तिला नको नको ते बोलले. आत्याचीच आहेस तर तिकडेच राहा, म्हटलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "वाशीमले मी तुयं गानं नाही म्हटलं तं आत्याबी अशीच रागावली होती. तुमाले दोघीले मंग पाह्यजे तरी काय?"

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर येताना घेऊन या. तुमचं जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तेव्हा मला त्यात नुसती तुमची पेटी दिसली होती. पोर माझ्यासाठी तोंड मिटून सभेत उभी राहिली, हे तुम्ही चांगलं अक्षर काढून लिहिलं होतं आणि मी ते ओलांडून पुढे गेले होते.

तेव्हा आल्या मोटारीनं तुमच्या भावाबरोबर निघा. ताप असेल तर गोधडी पांघरून या. सूप आढ्यालाच आहे. सकाळपासून ती त्याच्याखाली बसून आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे की आत्या निघाली. तुम्ही निघाल्याचं तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.

सुटी संपली की विजू तुमच्याबरोबर वाशीमला येईल. शिकेल, मास्तरीण होईल, तुमच्यासारखी होईल. हे शेवटचं लिहिताना मला अजून जड जातं, पण लिहिलं. जळणं थांबलं असं समजू नका. ते तुमचंही थांबलेलं नसेल, आणि थांबेल असं मला वाटतही नाही.

आणि एक. बारशाला आत्यानं नाव घेतलं की बायका तिच्या पाठीत बुक्क्या मारतात. आजवर सासूबाईंची भीड म्हणून मी तुमच्या पाठीला नुसता हात लावत आले. यंदा ते जमायचं नाही, पुष्कळ साठलं आहे. पहिली बुक्की माझी. जाड लुगडं नेसून या.

तुमची
गोजरा